साठीनंतरची पदवी आणि माजी सैनिकाच्या सवलती

सदर बझार, सातारा

प्रिय दत्ताजी,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचले. साठीला टेकल्यावर बी.ए. करण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. मात्र वय उलटल्यामुळे माजी सैनिकाची शैक्षणिक सवलत बुडाली, हा समज तेवढा डोक्यातून काढून टाक. तुझ्या भाच्याने कळवलेली मुदतीची अट अमेरिकेतली आहे. तेथे सेवामुक्तीनंतर ठरावीक वर्षांतच ती सवलत वापरावी लागे, आणि 2017 च्या कायद्याने ही अट काढली तीही 1 जानेवारी 2013 पासून पुढे सेवामुक्त झालेल्यांपुरतीच. आपल्याकडे मांडणीच निराळी आहे; शिष्यवृत्तीचा पैसा मुख्यतः सैनिकाच्या मुलांसाठी आणि विधवा पत्नीसाठी असतो, खुद्द पेन्शनरासाठी नव्हे.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत मुलीला दरमहा 3000 आणि मुलाला 2500 रुपये मिळतात, परंतु बारावीला किमान 60 टक्के गुण आणि व्यावसायिक पदवीचा प्रवेश हवा. नात कितीही हुशार असली तरी आजोबांच्या नोकरीवर तिला ती मिळणार नाही. तुझ्या धाकट्या मुलीने, सुनीताने मात्र यंदाच बी.फार्म.ला प्रवेश घेतला आहे, तेव्हा तिचा अर्ज पहिल्याच वर्षी भरून टाक. त्याआधी डिस्चार्ज बुकातले, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या सेवा-पुस्तिकेतले, तिचे नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ‘आय’च्या जागी दोन ‘ई’ पडले असले, तरी अर्ज अडतो आणि दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसावे लागते.

आता तुझ्याविषयी. दहावी आणि 15 वर्षांची सेवा यांवर पदवीची समकक्षता मिळते खरी, पण ती गट ‘क’च्या सरकारी नोकरीतील पात्रतेपुरती, या वयात तुला तिचा काय उपयोग? तू आधी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करावीस आणि मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव घालावेस, असे माझे मत आहे. दोन्हीकडे वयाची कमाल मर्यादा नाही. शुल्क स्वतःच्या पेन्शनीतून भरावे लागेल, पण तुझ्या विड्या सुटल्या तर तेवढे सहज निघेल. शिवाय त्या विद्यापीठाला नाव आहे ते आपल्या कराडच्या यशवंतरावांचे, जे 1962 साली संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले.

सोमवारी वाईहून सकाळच्या एस.टी.ने निघ, म्हणजे आपण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकत्रच जाऊ. डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ. (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि सुनीताची बारावीची गुणपत्रिका यांच्या मूळ प्रती बरोबर आण, नुसत्या झेरॉक्स नकोत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शंकर