कॅमेरा भंगारात देण्याआधी कार्ड काढून घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत भंगारवाल्याची हातगाडी हल्ली दिवसातून दोनदा फिरते. गेल्या वर्षी याच दिवसांत शेजारच्या वहिनींनी रद्दीसोबत त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा देऊन टाकला. ‘बंदच होता नं तो,’ असं त्या म्हणाल्या. बंद पडला होता तो कॅमेरा. आतल्या मेमरी कार्डाला काही झालेलं नव्हतं. मुलाच्या मुंजीचे आणि सासूबाईंच्या शेवटच्या वर्षाचे फोटो त्या कार्डात होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते. आठ दिवसांनी लक्षात आलं, तोवर फार उशीर झाला होता. पुन्हा कुणाच्या घरी असं होऊ नये म्हणून हे पत्र दिवाळीआधी लिहीत आहे.

आपापल्या घरातले अल्बम काढून पाहा. आमचे २००७ ला थांबतात. त्याआधी रोल धुवायला टाकला की ३६ फोटो हातात यायचेच. त्यानंतर मोबाइलचे फोटो आले. मधली आठ-दहा वर्षं छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची होती, आणि त्या वर्षांचे फोटो कित्येक घरांत अजून कार्डातच पडून आहेत. कपाटाच्या ड्रॉवरमध्ये, देवघराच्या खालच्या खणात, बंद कॅमेऱ्याच्या पोटात.

माझ्या यजमानांनी २००७ साली कॅननचा कॅमेरा घेतला. दरवर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ते सकाळीच तो गळ्यात अडकवून मारबतीच्या मिरवणुकीला इतवारीत जायचे. मारबत म्हणजे रोगराई आणि वाईट गोष्टी गावाबाहेर घालवण्यासाठी मिरवत नेतात तो मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची, हे ते दरवेळी नव्याने सांगायचे. काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या की त्यांचं बटण थांबायचं नाही. ते २०२१ मध्ये गेले. मागे राहिली चार कार्डं, दोन-दोन जीबीची, कापसात गुंडाळून सुपारीच्या डबीत ठेवलेली.

पहिल्या कार्डाच्या वेळी मी चूक केली. कॅमेऱ्याची वायर सापडत नव्हती, म्हणून कार्ड एका फोटोच्या दुकानात दिलं. संध्याकाळी पेनड्राइव्ह हातात मिळाला आणि ‘कार्ड साफ करून दिलंय बाई’ असं प्रेमाने सांगण्यात आलं. पेनड्राइव्हवर ६१२ फोटो होते. पण यजमान मधेमधे छोटे व्हिडिओही काढत, तो एकही त्यात नव्हता. त्या कॅमेऱ्यात फोटो आणि व्हिडिओ एकाच फोल्डरमध्ये राहतात. फोटोचं नाव आयएमजीने सुरू होतं, व्हिडिओचं एमव्हीआयने. दुकानातल्या मुलाने फक्त फोटो उचलले आणि कार्ड फॉरमॅट केलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला दोन रात्री झोप लागली नाही.

माझ्या भाच्याची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. फोनवर तिने पहिलं वाक्य हेच सांगितलं, ‘आजी, त्या कार्डावर आता एकही फोटो काढू नको.’ कार्डाच्या डाव्या कडेला नखाने सरकेल एवढी बारीक खटकी असते. ती खाली केली की कार्डावर नवीन काही लिहिलं जात नाही. मी चष्मा लावून, देवघरातल्या दिव्याखाली ती खटकी खाली केली. फॉरमॅट केल्यावर बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, असं तिने समजावलं. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून माझ्या भाषेत सांगते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी धडे आतच असतात. त्या पानांवर दुसरं काही छापलं, की मात्र धडे गेले. रविवारी तिने लॅपटॉपवर फोटोरेक नावाचा, फुकट मिळणारा प्रोग्राम लावला. १४ व्हिडिओ सापडले, त्यातले ११ उघडले. जुनी नावं गेली, त्या जागी नुसते आकडे आले.

सातव्या व्हिडिओत गर्दी आहे, ढोल आहेत, ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर आहे, आणि त्या सगळ्यावर यजमानांचा आवाज आहे, ‘अगं, इकडे पाय ना, सरक थोडी.’ मला म्हणत होते. चित्रात माझी नुसती निळी पदराची कड दिसते. बावीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठलाच नाही.

उरलेली तीन कार्डं मी स्वतः कॉम्प्युटरवर उतरवली. कसं ते सविस्तर लिहिते, कारण माझ्या वयाच्या बायकांना ‘मुलांना सांग’ एवढंच उत्तर मिळतं, आणि मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला असतात.

बॅटरीच्या झाकणाआड बॅटरीशेजारीच कार्डाची फट असते. कार्ड ओढायचं नाही, बोटाने किंचित आत दाबायचं, म्हणजे स्प्रिंगने ते वर येतं. त्याच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. वायर नसली तरी अडत नाही. दोन-चारशे रुपयांत कार्ड रीडर मिळतो, तो कॉम्प्युटरला लावायचा. मात्र जुन्या सोनीत मेमरी स्टिक असते आणि जुन्या ऑलिम्पस-फुजीत एक्सडी कार्ड. त्यांच्या खाचा वेगळ्या, म्हणून कार्ड सोबत नेऊनच रीडर घ्यावा. ६४ जीबीचं कार्ड असेल तर रीडर नवा हवा, फार जुन्या रीडरला तेवढी मोठी कार्डं वाचता येत नाहीत.

कॉम्प्युटरवर कार्ड उघडलं की डीसीआयएम नावाचं फोल्डर दिसतं. ते अख्खं उचलायचं, आतले निवडक फोटो नाही. कॉपी करायचं, कट नाही. मधेच वीज गेली तर कट केलेलं अर्धं इथे आणि अर्धं तिथे राहतं, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल हे कुणी सांगावं!

सगळ्यात मोठा धोका मला तिसऱ्या कार्डाला कळला. कॅमेरा फोटोंना नुसते क्रमांक देतो, ०००१ पासून ९९९९ पर्यंत, आणि मग परत ०००१. काही कॅमेरे प्रत्येक नव्या कार्डावर १ पासून सुरुवात करतात. मी दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये टाकत होते. कॉम्प्युटरने विचारलं, याच नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का? माझं बोट ‘होय’वर होतं. होय म्हटलं असतं तर पुतणीच्या लग्नाने २०११ ची मारबत खाऊन टाकली असती. म्हणून प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर करावं, आणि नावात आधी साल, मग प्रसंग लिहावा.

फोटोंच्या तारखांवर फार विसंबू नये. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की कॅमेऱ्याचं घड्याळ मुळाशी जातं, आणि मग आमच्या तर सगळ्या मारबती १ जानेवारीच्या निघाल्या. सालं मी बडग्यांवरून, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या पुतळ्यांवरून, लावली. बडग्याच्या पाट्यांवर त्या-त्या वर्षाचा राग लिहिलेला असतो. लोकपालाची घोषणा दिसली, म्हणजे २०११.

उतरवून झाल्यावर दोन्हीकडची फायलींची संख्या आणि आकार ताडून पाहावा. पाच-दहा फोटो आणि सगळे व्हिडिओ उघडून बघावेत. मग दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर करावी आणि ती दुसऱ्या घरी ठेवावी. माझी लेकीकडे आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे प्रत नव्हे, तिथे तो लहान होऊन जातो. भिंतीवर लावायला मोठा करून घेतलात तर कळेल. तसाच्या तसा पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

आणि हे काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नये. कार्डात फोटो राहतात ते अतिसूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात. वर्षानुवर्षं न वापरलेल्या कार्डातून तो हळूहळू झिरपतो, उष्णतेत लवकर. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट दुपारी हात लावू देत नाही. तसे पंधरा-सोळा उन्हाळे काही कार्डांनी काढले आहेत.

शहरातल्या वाचनालयांना आणि ज्येष्ठ नागरिक मंडळांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहेत. दिवाळीआधीच्या दोन रविवारी एक कार्ड रीडर आणि एक धीराचा मुलगा तिथे बसवा. लोक आपली कार्डं घेऊन येतील, त्यांच्या डोळ्यांसमोर ती उतरवून द्या, आणि कार्ड पुसू नका.

शेवटी एक निवेदन. गल्लीतल्या भंगारवाल्याला मी सांगून ठेवलं आहे, कॅमेरा आला तर आधी मला दाखव. गेल्या तीन आठवड्यांत त्याने दोन आणले. एक रिकामा होता. दुसऱ्यात कार्ड निघालं. कुणाचं हे कळावं म्हणून पहिले तीनच फोटो पाहिले, पुढे पाहिले नाहीत. एका बाळाचं बारसं आहे. लाकडी पाळण्याला हिरवं लुगडं बांधलंय, मागे पिस्ता रंगाची भिंत आणि दोन पानांची खिडकी, आणि पाळण्याच्या दोरीला हात लावून एक नऊवारीतल्या आजी बसल्या आहेत. त्यांच्या उजव्या हातात तांब्याचं कडं आहे. ते बाळ आता शाळेत असेल. हे घर कुणाचं असेल त्यांनी संपादकांकडे विचारणा करावी, माझा पत्ता त्यांच्याकडे आहे. चौथ्या फोटोत काय आहे ते सांगून कार्ड घेऊन जावं. खटकी खाली करून ते मी सुपारीच्या त्याच डबीत ठेवलं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
महाल, नागपूर