वारी चुकली म्हणू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबांनी वारीचं मनाला फार लावून घेतलंय, असं आई फोनवर म्हणाली. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी पायी चालायला मनाई केल्यापासून घरात बोलणंच तुटलंय म्हणे. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, मला वॉर्डाची इन्चार्ज केलं तेव्हा सगळ्यात उपयोगी पडली ती तुम्ही दाखवलेली पालखीच्या मुक्कामावरची समाजआरती. लोणंदच्या तळावर तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं. टाळ-मृदंगाच्या गजरात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. चोपदारांनी हातातला दंड वर केला आणि एका दमात सगळे टाळ थांबले. एका दिंडीचे मात्र वाजतच राहिले. "त्यांची काहीतरी तक्रार आहे," तुम्ही म्हणालात. चोपदार स्वतः चालत त्यांच्यापाशी गेले, ऐकून घेतलं, तेव्हा कुठे ते टाळ थांबले आणि मग आरती झाली. लाखोंच्या मेळ्यात एका दिंडीसाठी माउलींची आरती थांबते, याहून मोठं पुढारपण मी अजून पाहिलेलं नाही. हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यांनी १८३२ पासून सोहळ्याला ही घडी घालून दिली, हेही तुमच्याकडूनच ऐकलेलं.

आता सकाळी रात्रपाळीकडून वॉर्डाचा ताबा घेताना मी ड्युटीची यादी नंतर वाचते, आधी कोणाचं काय अडलंय ते विचारते. एकदा मावशी म्हणाल्या, कोपऱ्यातल्या कॉटचं चाक अडकतं, पेशंट हलवताना पाठ भरून येते. किती दिवस सोसत होत्या कोण जाणे! दुपारच्या आत चाक बदलून घेतलं. तेव्हापासून त्या आपणहून बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यातून मला पेशंटचं पुष्कळ काही कळतं.

आई, पंगत उठेपर्यंत तू कधी जेवायला बसली नाहीस. सगळ्यांचं आधी बघायचं, हे तुझं घेतलं. उपाशी राहणं मात्र नाही घेतलं. मी वेळेवर जेवते, तूही जेवत जा. रक्त कमी आहे तुझं.

बाबा, सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, हे कीर्तनात तुम्हीच सांगायचात. आजही पांडुरंगाची पालखी अरणला जाते. मग गुडघा दुखतो म्हणून देव तुमच्यावर रुसेल, हे मी कसं मानू?

नवमीला रात्री मी घरी येते, रजा मंजूर झालीय. दशमीला गाडीने वाखरीला जाऊ आणि आपल्या दिंडीला भेटू. तेवढं चालायला डॉक्टरांची हरकत नाही, मी विचारून घेतलंय.

एक काम मात्र आत्ताच करा. यंदा दिंडीतली तुमची वीणा कोणाच्या गळ्यात द्यायची, हे तुम्ही अजून कोणाला सांगितलेलं नाही. मंडळी संकोचाने विचारत नाहीत. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान आहे, त्याआधी ज्याला द्यायची त्या मुलाला घरी बोलवा, चार दिवस शेजारी बसवा आणि तुमच्या हाताने वीणा द्या.

तुमची,
लेक