मागच्या हबपायी लिहिलेले आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

चाक दुरुस्त होऊन तीन आठवडे झाले, तरी त्या संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर आपले धड आभारही मानता आले नाहीत, ही रुखरुख जात नाही. गळा दाटून आला होता, आणि पन्नाशीच्या बाईने सायकलच्या हबपायी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापायी, डोळे पुसावेत याची मलाच लाज वाटत होती.

डिसेंबरातल्या पहाटे कात्रजच्या जुन्या घाटात पेडल एकाएकी रिकामे फिरले आणि गुडघा हँडलवर आदळला. महिनाभरापूर्वीच एका चकचकीत दुकानात सायकलचे सर्व्हिसिंग झाले होते. तेव्हापासून मागच्या चाकाची टिकटिक बंद पडली होती आणि काम उत्तम झाले म्हणून मी खूश होते! तक्रार घेऊन गेले, तर ‘नवा हब टाका’ असा सल्ला मिळाला, आणि कारण विचारले, तर ‘मॅडम, ते टेक्निकल आहे’ एवढेच उत्तर. दुसऱ्या एका दुकानदाराने हबच्या फटीत पातळ स्प्रे मारून दिला. त्याने दोन दिवस बरे गेले. मात्र बेअरिंगमधले ग्रीस धुपले आणि चाक जात्यासारखे घरघरू लागले.

शेवटी आपल्या दुकानात आले. आपण हब उघडलात, आतले काळे, घट्ट ग्रीस काडीवर घेतलेत आणि काही न बोलता माझ्या बोटाला लावलेत. अंगठा त्यावर टेकवून उचलायला सांगितलेत, तेव्हा दोन बोटांमध्ये लांबलचक तार आली. “हा दोनतारी पाक झाला, ताई,” आपण म्हणालात. मग दुसऱ्या बोटावर पातळ तेलाचा थेंब सोडलात. त्याला तार कसली, तो ओघळूनच गेला. फ्रीहबमधल्या, म्हणजे पेडल थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या भागातल्या, खिट्ट्या नाजूक स्प्रिंगच्या जोरावर उठून दात्यांत अडकतात आणि घट्ट ग्रीस थंडीत आणखी आवळले की त्या तिथेच चिकटून बसतात, टिकटिक थांबते आणि पेडल रिकामे फिरते, हे शब्दांआधी माझ्या बोटांना कळले. शेजारीच बेअरिंगचे पाव इंची छर्रे मांडलेले होते, एका बाजूचे नऊ आणि दुसऱ्या बाजूचे नऊ. त्यांना मात्र ग्रीसच हवे, कारण तेल तिथे टिकत नाही आणि पावसाचे पाणीही अडवत नाही. एकाच हबमध्ये दोन शेजारी आणि दोघांचा आहार वेगळा!

नंतर आपण स्वतःच्या खांद्यावरची स्वच्छ चिंधी माझ्या हातात दिलीत आणि स्वतः मात्र मळक्या चिंधीला हात पुसलेत. हब कोणीही दुरुस्त केला असता कदाचित; पण विचारणाऱ्याला उत्तर समजू शकते, असे गृहीत धरणारी माणसे या शहरात, जिथे पाटी लावून प्रश्न टाळण्याची जुनी परंपरा आहे, मला फार थोडी भेटली. आपण घेतलेल्या पैशांत त्या शिकवणीचा हिशेब नव्हता, हेही मी पाहिले.

गेल्या रविवारी पुन्हा तोच घाट चढले. उतारावर टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती आणि मी मुद्दाम पेडल थांबवून ती ऐकत होते.

पावसाळा सरला की चाक घेऊन येईन. या वेळी ग्रीस मी भरीन. आपण शेजारी बसून चुका काढाव्यात, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
कोथरूडची एक सायकलस्वार