चिऊ, घटस्थापनेला येशील तेव्हा

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तुमचा क्लब म्हणजे शाल, हार आणि पेपरात फोटो." घरात पाहुणे होते म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही, पण ते मनाला लागलं. आज निवांत वेळ मिळालाय, तर लिहिते.

हार आणि फोटो असतात, खरं आहे. जुलैत नव्या कार्यकारिणीचा पदग्रहण समारंभ असतो, तेव्हा तर जरा जास्तच. पण आमच्या लायन्स क्लबमध्ये पैशाची दोन खाती वेगळी ठेवावी लागतात, हे तुला माहीत नसेल. एक प्रशासनाचं, त्यात आमची वर्गणी जमा होते आणि हार, बॅनर, जेवण सगळं त्यातून होतं. दुसरं सेवाकार्याचं. लोकांकडे मागून आणलेला पैसा या दुसऱ्या खात्यात जातो आणि तो लोकांसाठीच खर्चावा लागतो. त्यातून आमच्या मीटिंगचा चहासुद्धा होत नाही. यंदा खजिनदार मी आहे. पतसंस्थेत वीस वर्षं खतावणी लिहिलेल्या तुझ्या आईकडे ती दोन पासबुकं आहेत, तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त राहा.

जूनमधलं वह्यावाटप, स्टँडवरची पाणपोई हे तू लहानपणापासून बघतेस. रक्तदान आम्ही मुद्दाम मे महिन्यात घेतो, कारण कॉलेजं सुटली की शिबिरं थांबतात आणि रक्तपेढीत पिशव्या कमी पडतात. पण मला सांगायचंय ते डोळ्यांच्या शिबिराबद्दल.

स्वतः अंध आणि बहिऱ्या असलेल्या हेलन केलरबाईंनी १९२५ साली अमेरिकेत लायन्सच्या अधिवेशनात उभं राहून अंधांसाठी लढा, असं आवाहन केलं. तेव्हापासून दृष्टीचं काम लायन्सने आपलं मानलं. त्या काळी बायकांना क्लबात सभासद होता येत नव्हतं. ते दार १९८७ मध्ये उघडलं. आता आपल्या शिबिरात नोंदणीच्या टेबलावर मी बसते.

दोन वर्षांपूर्वी शिबिर नेहमीप्रमाणे दिवाळीनंतर घेतलं. मोतीबिंदू थंडीतच काढावा, हे आपल्याकडे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. शाळेच्या वर्गात तपासणी झाली: टॉर्च, अक्षरांचा तक्ता, बीपी, शुगर. ज्यांना ऑपरेशनची गरज होती त्यांना दुसऱ्या दिवशी बसने शहरातल्या दवाखान्यात नेलं. पूर्वी ऑपरेशनंसुद्धा शाळेच्या वर्गातच व्हायची. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे ती पद्धत मागे पडली, हे फार चांगलं झालं.

त्यात वस्तीवरच्या एक आजी होत्या. पट्टी काढली तेव्हा मी शेजारीच उभी होते. त्यांनी आधी खाली पाहिलं, पदर हातात धरला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. म्हणाल्या, "हे निळं हाय व्हय? म्या काळं समजून नेसत होते." मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट-तपकिरी होतं आणि निळा रंग त्यातून नीट पोचत नाही, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्या क्षणी मात्र मला रडू आलं.

पण चिऊ, पुढचं ऐक. ऑपरेशननंतर साधारण महिना-दीड महिना ड्रॉप्स घालायचे असतात, हळूहळू कमी करत न्यायचे. आठवड्याने आजी तपासणीला आल्या नाहीत. मी नोंदवहीतला नंबर लावला, तर फोन मुलाने उचलला, कर्नाटकातल्या उसाच्या फडातून. उचल घेतलेली, नवरा-बायको दोघं कोयत्यावर गेलेले, आणि घरातला एकुलता एक मोबाइलही त्यांच्याबरोबर. वस्तीवर आजी आणि दोन लहान नातवंडं. मी निरोप धाडला, पण तो पोचेपर्यंत आणखी चार दिवस गेले. आजी कुणाच्या तरी टेम्पोतून आल्या तेव्हा डोळा लालभडक झाला होता आणि ठणका मस्तकात जात होता. बाटली संपली होती. नवी आणायची, हे त्यांना कळलं नव्हतं. वर चूल फुंकणं रोजचं चालूच. दवाखान्यात ठेवून घेतलं, डोळा वाचला. पण पट्टी काढली त्या दिवशी जितकं लख्ख दिसलं होतं, तितकं काही परत आलं नाही.

नोंद माझ्या हातची होती. नंबर मी लिहून घेतला. तो फोन कुणाजवळ असतो, ते माणूस पुढचा महिना कुठे असेल, हे मी विचारलं नव्हतं. आपल्या तालुक्यात निम्मी घरं दसरा-दिवाळीला कुलूप लावून ऊसतोडीला जातात, हे मला जन्मापासून ठाऊक. तरी आम्ही शिबिर नेमकं त्याच्यानंतर घेत होतो, वर्षानुवर्षं!

म्हणून मी मीटिंगमध्ये मांडलं, शिबिर श्रावणात घ्या. खूप विरोध झाला. पावसाळ्यात डोळा कापला तर पू होतो म्हणाले. मी नेत्रतज्ज्ञांनाच मीटिंगला बोलावलं. त्यांनी सांगितलं, आता छेद अगदी बारीक असतो, बहुधा टाकेही लागत नाहीत, ऋतूचा काही संबंध नाही. श्रावणात ऑपरेशन झालं तर घटस्थापनेपर्यंत दीड महिना होतो, आणि तोवर लेक-सून घरीच असतात ड्रॉप्स घालायला. यंदा पहिल्यांदा तसं केलं.

नोंदवहीत मी दोन रकाने वाढवलेत: ड्रॉप्स कोण घालणार, आणि ते माणूस गावात कधीपर्यंत आहे. प्रत्येक सभासदाने पाच-पाच पेशंट वाटून घेतलेत. त्यांच्या घरी जायचं, बाटली हातात घेऊन हलवून बघायची, डोळा बघायचा. तिथे फोटोवाला नसतो. मला विचारशील तर आमचा क्लब तिथे आहे.

माझ्या पाचांत त्याच आजी आहेत. दुसरा डोळा करायला त्या आपणहून आल्या. मी टेबलावर मान खाली घालून बसले होते, त्यांनीच माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आवंदा सून हाय घरी."

तू घटस्थापनेला येतेस, त्या रविवारी माझी शेवटची फेरी आहे. त्यानंतर सून निघेल. वस्ती ओढ्यापलीकडे आहे, पण पाणी कमी असलं की स्कूटी जाते. तू चालव, मी मागे नोंदवही घेऊन बसते.

तुझी,
आई