प्रश्नच शिळा आहे

महोदय,

‘हवामान बदल : खरा की बागुलबुवा?’ या मथळ्याखाली आपण दोन लेख शेजारीशेजारी छापलेत. समतोल साधला, पण प्रश्न शिळा निवडला. तापमानवाढ सुरू झाली आहे, अशी साक्ष ‘नासा’चे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे दिली ती १९८८ मध्ये. त्याच्याही आधी एक्सॉन या तेल कंपनीच्या पदरी असलेल्या शास्त्रज्ञांनी हेच आपल्या वरिष्ठांना कळवले होते. (कंपनीने पुढे बाहेर जे सांगितले, ते वेगळेच!)

राजकारणातले खरे भांडण खर्चाचे आहे, आणि ते कोणी सोसायचे याचे. हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्याचा क्योटो करार होण्याच्या काही महिने आधी, जुलै १९९७ मध्ये, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावले, की विकसनशील देशांवर बंधने नसतील किंवा आपल्या अर्थव्यवस्थेला मोठी झळ बसणार असेल तर करार नको. बाजूने मत देणाऱ्यांत तेव्हाचे सिनेटर जॉन केरी होते. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या वतीने तापमानवाढ रोखण्याच्या पॅरिस करारावर सही केली ती याच केरींनी. त्यांना विज्ञान पटले नव्हते, असे कोण म्हणेल?

फ्रान्समध्ये २०१८ साली ‘पिवळी जाकिटे’ घातलेले आंदोलक रस्त्यावर आले ते इंधनावरील करवाढीमुळे. त्याच वर्षी सरकारने श्रीमंतांवरचा संपत्ती कर जवळजवळ मोडीत काढला होता. गाडीवाचून ज्याचे चालत नाही त्याने भरायचे आणि धनिकाने सुटायचे, हे लोकांना दिसत होते. करवाढ मागे घ्यावी लागली. आंदोलकांना सरसकट पर्यावरणद्रोही ठरवणाऱ्यांनी मात्र हवामान धोरणांच्या विरोधकांच्या हातात आयते कोलीत दिले.

पैसे परत दिले की लोक राजी होतात, असेही नाही. कॅनडाने इंधनावरील कार्बन शुल्कातला (म्हणजे इंधन जाळून होणाऱ्या उत्सर्जनापोटी घेतलेल्या शुल्कातला) बहुतांश पैसा कुटुंबांना परत दिला. तरीही एप्रिल २०२५ मध्ये ते शुल्क गुंडाळावे लागले. पंपावरचा भाव प्रत्येक खेपेला डोळ्यांत भरतो, खात्यात जमा झालेली रक्कम ध्यानातही राहत नाही. हे कोडे मलाही सुटलेले नाही, पण चर्चा व्हायला हवी ती याची.

देशादेशांतही तेच. हवामान बदलाशी झुंजण्यासाठी विकसनशील देशांना २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर देऊ, हे श्रीमंत देशांचे २००९ चे वचन त्यांच्याच हिशेबाने २०२२ मध्ये पुरे झाले, तेही बरेचसे कर्जरूपाने. बुडत्याला दोर द्यायचा आणि दोराचे व्याज लावायचे, असला हा व्यवहार.

पुढच्या वेळी दोन लेख छापायचेच असतील तर एक कार्बन कर हवा म्हणणाऱ्या अर्थतज्ज्ञाचा घ्या आणि दुसरा त्या कराला विरोध करणाऱ्या कामगार नेत्याचा. दोघांनाही तापमानवाढ मान्य असलेली चालेल.

– एक नियमित वाचक