माती परीक्षणाच्या अहवालात एक ओळ वाढवा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शहरांच्या जुन्या गावठाणात पाया खोदण्यापूर्वी पुरातत्त्वीय पाहणी सक्तीची करण्याबाबत

महोदय,

मी पुण्यातला स्थापत्य अभियंता. कसबा, शनिवार, सोमवार या पेठांमधले जुने वाडे उतरवून तिथे इमारती उभ्या करण्याची कामे मी करतो. तेव्हा हे पत्र एखाद्या वारसाप्रेमी मंडळाचे निवेदन आहे असे समजू नये. वाडे पाडू नका, असे मी म्हणत नाही. वाडा पाडल्यानंतर आणि पाया भरण्याआधी जे घडते, किंवा घडायला हवे ते घडत नाही, त्याबद्दल लिहितो आहे.

कोणत्याही इमारतीचा पाया ठरवण्याआधी माती परीक्षण होते. जागेवर दोन-चार बोअर घेतात, लागलाच तर ट्रायल पिट खणतात आणि प्रयोगशाळा अहवाल देते. पेठांमधला असा अहवाल उघडला की वरच्या काही मीटरांपुढे बहुधा एकच शेरा दिसतो : भरावाची माती, पायासाठी अयोग्य, काढून टाकावी. त्याखाली मुरूम, मग खडक. अभियंता म्हणून मला तो शेरा मान्य आहे, कारण त्या मातीत भार पेलण्याची ताकद नसतेच. पण हा भराव कोणा ठेकेदाराने आणून टाकलेला नाही. माणसे तिथे राहिली, घरे पडली, पडक्या घरांवर पुन्हा घरे चढली. चुलीतली राख, फुटकी मडकी, जनावरांची हाडे तिथेच पडत गेली आणि जमीन वर येत गेली. पुण्याचा लिहिलेला इतिहास जिथे संपतो त्याच्या मागचे सगळे या ‘अयोग्य’ थरात आहे, आणि आपण तो कायदेशीर परवानगी घेऊन, रीतसर चलन भरून काढून टाकतो.

चलनाचे खरोखरच सांगतो. खोदलेली माती प्लॉटबाहेर न्यायची तर गौण खनिजाचे स्वामित्वधन भरावे लागते. किती ब्रास माती निघाली, कोणत्या वाहनातून गेली, कुठे टाकली, याची सरकारदरबारी नोंद होते. म्हणजे कसब्यातून किती माती बाहेर गेली हे शासनाला ठाऊक आहे. तिच्यात काय होते, हे विचारणारा रकाना मात्र एकाही अर्जात नाही.

काय असते ते सांगतो. शेजारच्या घराचा पाया सुटू नये म्हणून खड्ड्याची एक बाजू उभी कापतात. जेसीबीने कापलेली ती बाजू एक पाऊस पडून गेला की स्वच्छ दिसू लागते. सर्वांत वर सिमेंटचा आणि फरशीचा राडारोडा. त्याखाली पांढरी माती आणि चपट्या विटांचा चुरा. मग कधी कधी जळक्या मातीचा तांबडा-काळा पट्टा, त्यात कोळसा. त्याखाली राख, आणि मग चोपून घट्ट केलेली जमीन, तिच्यावर पुन्हा राख. वरच्या थरांतून काचेच्या बांगड्यांचे हिरवे-काळे तुकडे डोकावतात. आणखी खाली गेले की शंखाच्या बांगड्यांचे तुकडे लागतात, आणि खापरे पातळ, लाल, हाताला गुळगुळीत लागणारी होतात. हे दर्शन फार तर दोन-तीन दिवसांचे. मग त्या बाजूवर जाळी ठोकून शॉटक्रीटचा, म्हणजे पातळ काँक्रीटचा, फवारा मारतात आणि विषय मिटतो.

त्या जळक्या पट्ट्यापाशी माझे मन दर वेळी अडते. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. मला दिसलेला पट्टा त्या आगीचा, की एखाद्या वाड्याला लागलेल्या साध्या आगीचा? चार प्लॉटांत तो एकाच पातळीला सापडतो की नाही, त्याच्या वर-खाली कोणती खापरे आणि नाणी आहेत, एवढे कोणी नोंदवले असते तर काहीतरी सांगता आले असते. एका अभियंत्याला ते जमणारे नाही. त्यासाठी शिकलेली माणसे लागतात, आणि ती नदीपलीकडे येरवड्याला डेक्कन कॉलेजात आहेत. त्यांना बोलवायची कोणावर सक्ती नाही, आणि सक्ती नसताना कोणी बोलावत नाही.

पुणे म्हणजे शिवकाळ आणि पेशवाई, ही आपल्या सर्वांची समजूत. राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत पुण्याच्या प्रदेशाचा उल्लेख आहे. जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे साधारण त्याच शतकातले. कसब्यात अभ्यासकांना जिथे थोडीफार जागा मिळाली तिथे सातवाहनकाळापर्यंतच्या वस्तीच्या खुणा हाती आल्या आहेत. म्हणजे शनिवारवाडा बांधायला घेतला त्या १७३० सालाच्या मागे किमान दीड हजार वर्षे लोक इथे राहत होते. त्यांचा ना बखरीत उल्लेख, ना दप्तरात. त्यांच्याबद्दल जे काही कळणार ते याच मातीतून.

आता कायद्याकडे वळतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली आणि संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असे ठरले. शनिवारवाड्याच्या आणि पाताळेश्वराच्या आसपास राहणाऱ्यांना या वर्तुळाने काय दिले ते आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनाही ठाऊक असेल. वाडा टेकूवर उभा, पावसाळ्यात महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटलेली, आणि नवे बांधायची सोय नाही. ती माणसे वर्षानुवर्षे आंदोलने करत आहेत. आणि वर्तुळाबाहेर? तिथे जमिनीखाली काय आहे हे विचारायला कोणी येत नाही. दुमजली तळघरासाठी सहा-सात मीटर खोल खड्डा घ्या, सातवाहनांपासून सगळे एका आठवड्यात उपसून टाका, नियम कुठेही मोडत नाही. एकीकडे माणसांची घरे अडवून धरली आहेत आणि दुसरीकडे ज्यासाठी अडवायला हवे होते तेच बिनबोभाट चालले आहे. कायद्याची नजर उभ्या दगडावर आहे. राज्याचा १९६० चा कायदाही घोषित स्मारकांपुरता आणि स्थळांपुरताच, आणि महापालिकेची वारसा यादीही इमारतींची. यादीत नसलेला वाडा उतरवला की त्याखालची जमीन कोणाच्याच खात्यात येत नाही.

उरला १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे तो सांगतो. खापराला बाजारात दहा रुपये येत नाहीत, त्यामुळे ते या कायद्यात बसत नाही. आणि नाणी सापडली तर मजूर ती कनवटीला लावतो, कारण कळवले तर पोलीस, पंचनामा आणि मुकादमाचा ओरडा. साइटवर एक न सांगितलेला नियम असतो : काही निघाले तर बोलायचे नाही, काम बंद पडेल. मोठे काही लागले तरच गवगवा होतो. २०१९ मध्ये मेट्रोच्या खोदाईत स्वारगेटला जुने भुयार लागले तेव्हा पेपरांत फोटो आले, लोक बघायला गेले. मंडईच्या स्थानकासाठी खणताना मोठ्या प्राण्याची हाडे निघाली तीही अभ्यासकांना दाखवली गेली. भुयार आणि हत्तीएवढे हाड लपत नाही म्हणून ते कळले. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात आणलेल्या पाण्याची दगडी नळ आजही पेठांखाली आहे, तिचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी बांधलेले मनोरे, काही ठिकाणी उभे आहेत, तरी ती नेमकी कोणत्या प्लॉटखालून जाते हे अनेकदा पोकलेनचा दात तिच्यात घुसल्यावरच समजते.

ही गोष्ट पुण्यापुरती नाही. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. रोमन जगाशी असलेल्या व्यापाराचा तिथला पुरावा, समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती, आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. नाशिकला गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खणले, तेव्हा तळाशी ताम्रपाषाणयुगापर्यंतची वस्ती सापडली. म्हणजे भर शहरात, लोकवस्तीशेजारी उत्खनन करण्याचा महाराष्ट्राला अनुभव आहे, आणि तोही काँक्रीटचा सुकाळ होण्याआधीचा. पैठण, तेर, जुन्नर, कल्याण, नालासोपारा या गावांची नावे आपण अभिमानाने घेतो. तिथेही आज पायाचे खड्डे कोणाच्याही नजरेखालून न जाता भरले जात आहेत.

परदेशातले दाखले मंत्रालयात लवकर पटतात, म्हणून एक देतो. १९८९ मध्ये लंडनमध्ये कार्यालयाच्या इमारतीसाठी खणताना शेक्सपिअरच्या काळातले रोझ नाट्यगृह सापडले. केवढा गदारोळ झाला, नटमंडळी रस्त्यावर उतरली. पुढच्याच वर्षी इंग्लंडने नियोजनाच्या नियमांत पुरातत्त्व आणले : आधी पाहणी, मग परवानगी, खर्च बांधणाऱ्याचा. तिथल्याच वॉलब्रुक भागात ब्लूमबर्गच्या इमारतीच्या जागी २०१० ते २०१४ या काळात झालेल्या उत्खननात रोमनकाळातल्या चारशेहून अधिक लाकडी लेखनपाट्या मिळाल्या. त्यांतल्या एकीवर इ.स. ५७ मधली तारीख आहे, आणि ती एक उधारीची नोंद आहे. इमारत झालीच, आणि तळघरात रोमन मंदिर बघायला आज लोक येतात. इस्तंबूलचे उदाहरण बिल्डर मंडळी उलट बाजूने देतील. येनीकापीला रेल्वेच्या खोदाईत बायझंटाइन बंदर आणि ३७ जहाजे निघाली आणि काम काही वर्षे लांबले. मान्य. पण कसब्यातल्या तीन गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये जहाजे निघणार नाहीत.

आमच्या धंद्याची खरी भीती उशिराची आहे आणि ती खोटी नाही. वाडा उतरवला की भाडेकरू कुठेतरी दोन खोल्यांत जातात, त्यांचे भाडे विकसक देतो किंवा देणे थांबवतो. काम सहा महिने अडले तर झळ बिल्डरच्या आधी त्या कुटुंबांना लागते. म्हणून शंभर मीटरसारखे आणखी एक सरसकट बंदीचे वर्तुळ कृपा करून आखू नका. मागणी त्याहून बरीच लहान आहे.

माती परीक्षण तर होतेच. त्याच वेळी जुन्या गावठाणाच्या हद्दीतल्या प्लॉटवर दोन मीटर बाय दोन मीटरचा एक खड्डा हाताने, थराथराने, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली मुरूम लागेपर्यंत खणावा. वाडा उतरवणे आणि खोदाई सुरू होणे यांत शोअरिंगच्या, म्हणजे खड्ड्याच्या बाजूंना द्यायच्या आधाराच्या, डिझाइनसाठी आणि जोत्यापर्यंतच्या परवानगीसाठी तसेही काही आठवडे जातात, त्यात हे बसते. मुदत एकवीस दिवसांची ठेवा. तेवढ्यात पुरातत्त्व खात्याचा माणूस आला नाही तर हरकत नाही असे समजून काम पुढे जावे, म्हणजे उशिराचा जाब बिल्डरला नव्हे, खात्याला द्यावा लागेल. खड्ड्यात महत्त्वाचे काही दिसले तर प्लॉटचा तेवढाच भाग आणखी काही आठवडे नोंदीसाठी द्यावा. बहुतेक ठिकाणी फोटो, रेखाटने, नमुने आणि खापरांच्या पिशव्या घेऊन पुढे बांधता येईल. क्वचित कुठे तळघर एका बाजूला सरकवावे लागले तर तेवढे क्षेत्र टीडीआरने, म्हणजे दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काने, भरून द्या. वारसा इमारतींना तो मिळतोच, जमिनीखालच्या वारशाला द्यायला अडचण कसली? मजुराने आणून दिलेल्या नाण्याला बक्षीस ठेवा, आणि ते रोख द्या. नाहीतर फॉर्म भरता भरता तो पुढच्या साइटवर गेलेला असेल.

खर्च विकसकाने करावा, असे एक विकसकांच्या पंगतीत बसणारा माणूस म्हणतो आहे, याची नोंद घ्यावी. एका खड्ड्याची मजुरी आणि अभ्यासकाचे मानधन हे पेठेतल्या एका फ्लॅटच्या पार्किंगच्या किमतीपुढे काहीच नाही. मनुष्यबळ नाही, असे आपले खाते सांगेल, आणि ते खरेही आहे. पण पुरातत्त्व शिकलेली मुले दर वर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात आणि कामाअभावी दुसरीकडे वळतात. महापालिकेत वृक्ष अधिकारी आहे, अग्निशमन अधिकारी आहे. एक पुरातत्त्व अधिकारी नेमला तर पालिकेचे दिवाळे निघणार नाही.

हा केंद्राचा विषय आहे, असे उत्तर येऊ नये म्हणून लिहितो. संविधानाच्या समवर्ती सूचीतली ४० वी नोंद राष्ट्रीय महत्त्वाची घोषित न झालेली पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष यांच्याबद्दलच आहे, तेव्हा राज्याला अधिकार आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम २२ विकास आराखड्यात ऐतिहासिक स्थळांचे जतन अपेक्षितच धरते. मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० मध्ये आली, आणि तिच्यात तेव्हापासून कितीतरी बदल झाले आहेत. एफएसआय वाढवण्यासाठी ती बदलते, तर या एका परिच्छेदासाठीही बदलावी. ती नगरविकास खात्याकडे आहे हे मला माहीत आहे. म्हणून तर पत्र आपल्याला लिहिले. पुरातत्त्व आपल्याकडे, परवानगी त्यांच्याकडे, आणि दोन्ही खात्यांची दालने एकाच इमारतीत.

सुरुवात पुण्यापासून करा, पांढरीच्या कोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आतल्या कसब्यापासून. एक वर्ष चालवून बघा. पेठांतली मोठी खोदाई पावसाळा सरल्यावर, दसऱ्यानंतर सुरू होते. माती परीक्षणाच्या अहवालासोबत पुरातत्त्वीय पाहणीचा एक पानी दाखला जोडावा, एवढे परिपत्रक त्याआधी निघाले तरी पुरे. माझ्या हातात सध्या कसब्यातलाच एक प्लॉट आहे. मालक तयार आहे, खड्ड्याची जागाही नकाशावर आखून ठेवली आहे. आपल्या खात्यातून कोणी येणार असेल तर कळवावे.

आपला,
पेठांमधली कामे करणारा एक स्थापत्य अभियंता, पुणे