मेळ लागेना, आबा

निशिकासाई, टोकियो

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

"पगार तिथला, मग शिल्लक कुठाय?" असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. मलाच ठाऊक नव्हतं, म्हणून बदलला. आता सांगतो.

इथं रहिवासी कर असतो, आदल्या वर्षाच्या करपात्र कमाईवर साधारण 10 टक्के. नवीन आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी तो लागत नाही, कारण आदल्या वर्षी त्याची इथं कमाईच नसते. दुसऱ्या वर्षी जूनपासून पगारातून कापायला सुरुवात होते. मी पहिल्या वर्षी हातात आलेला आकडा कायमचा धरून चाललो होतो. जूनमध्ये हप्त्याला पैसे कमी पडले, ते तुम्ही दुकानाच्या गल्ल्यातून भरलेत आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. ते मनाला फार लागलं.

त्याच रात्री वही घातली. तुमच्या रोजमेळासारखीच, डावीकडं जमा, उजवीकडं नावे, खाली शिल्लक. महिनाअखेरीस मेळ लागेना. फरक 11,340 येनांचा. येन 60 पैशांच्या आसपास धरा, म्हणजे साडेसहा-सात हजार रुपये कुठं गेले याचा पत्ता नाही. पाच रुपयांच्या फरकासाठी तुम्ही शटर अर्धं ओढून दहा-दहा वाजेपर्यंत बसायचात, आई ताट वाढून हाका मारायची. मीही तसाच बसलो.

भाडं, लाईट, किराणा, सगळ्याच्या पावत्या होत्या. राहिलं रेल्वेचं कार्ड. ते नुसतं गाडीला नाही, दुकानात आणि रस्त्यावरच्या थंड-गरम पेयांच्या मशीनलाही चालतं. टेकवलं की झालं. स्टेशनावरच्या मशीनमधून मागच्या व्यवहारांची चिठ्ठी छापून मिळते, ती काढली. प्रवास असेल तिथं चढल्या-उतरल्याची स्टेशनं लिहिलेली. बाकी ओळींत एकच शब्द, 'बुप्पान', म्हणजे मालाची विक्री. काय घेतलं, त्याचा उल्लेख नाही. एकाखाली एक बुप्पान, बुप्पान, आणि कडेला खाली उतरत जाणारी शिल्लक. सकाळी फलाटावर डब्यातली कॉफी, दुपारी चहाची बाटली, रात्री येताना भाताचा एखादा गोळा. एकेक दीडशे-दोनशे येनांचं. तुम्ही वहीत 'किरकोळ' नावाचं खातं कधीच घालू दिलं नाहीत, त्याचं कारण त्या चिठ्ठीवर बोट फिरवताना कळलं.

ऑफिसात एक वयस्क बाई आहेत. त्यांना वही दाखवली तर दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची घेऊन आल्या. इथं तिला काकेइबो म्हणतात, घरखर्चाची वही. हानी मोतोको नावाच्या बाईंनी ती 1904 साली छापून काढली. त्या स्वतः वर्तमानपत्रात बातमीदार होत्या, जपानातल्या अगदी पहिल्या स्त्री पत्रकारांपैकी. त्यांच्या वहीत महिना लागायच्या आधीच प्रत्येक खात्यापुढं अंदाज मांडायचा आणि मग रोजचा खर्च त्याच्याशी ताडून बघायचा. आपल्या रोजमेळात हे नाही आबा. आपण पैसा गेल्यावर लिहितो. दुकानाला ते चालतं, पण पगारदाराला आधीच मांडून ठेवलं पाहिजे असं मला आता वाटतं. मी जूनच्या आधी मांडलं असतं तर करही दिसला असता आणि हप्ताही.

तरी तांदळात अंदाज चुकलाच. तुम्ही किराणावाले म्हणून मुद्दाम सांगतो, 2025 मध्ये इथं तांदूळ वर्षभरात दुपटीच्या घरात गेला. 5 किलोची पिशवी 4,000 येनांच्या वर. सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. मी आता रात्री पोळ्याच करतो. सकाळची कॉफी घरून बाटलीत भरून नेतो.

पगार 25 तारखेला होतो. त्याच दिवशी 40,000 येन निराळ्या खात्यात टाकतो, हप्ता त्यातूनच जाईल. गल्ल्यातले तुमचे पैसे कालच पाठवलेत. नको म्हणू नका, तुमच्याही रोजमेळात ते जमेला दिसू देत.

आईला नमस्कार. ताईला सांगा, येताना आपल्या दुकानातल्या दोन लांब लाल वह्या आण. इथल्या वह्यांची पानं फार आखूड आहेत.

काल या महिन्याचा हिशोब केला. फरक 8 येनांचा आहे. उद्या रविवार, परत बसतो.

तुमचा,
धाकटा